तिसऱ्या बाकापर्यंत

चंदरच्या पत्राला कमळाकरनं उत्तर दिलं नव्हतं. द्यायचंच नाही असं काही त्यानं ठरवलं नव्हतं. आज देऊ, उद्या देऊ करता करता पत्र जुनं झालं, आणि जुन्या पत्राला उत्तर द्यायला जी एक निराळी छाती लागते ती त्याच्यापाशी मुळातच नव्हती. पत्र चौकहून आलं होतं. कर्जतहून मोहोपाड्याला जाणारी एस.टी. चौकवरूनच जायची. तिथं हमरस्त्याला लागून चंदरचं ट्रकदुरुस्तीचं गॅरेज होतं, आणि मोहोपाड्याच्या एका कारखान्यात स्टोअर-क्लार्क असलेला कमळाकर रोज सकाळी जाताना आणि संध्याकाळी येताना त्या गॅरेजच्या दारावरून जायचा. चौकचा थांबा आला की तो मांडीवरच्या पुस्तकात डोकं घालायचा. वाचायचा नाही, पानही उलटायचा नाही; फक्त मान खाली. खिडकीतली ती खाली घातलेली मान चंदर वर्षानुवर्षं बघत असणार, म्हणूनच त्यानं हाक मारायच्या ऐवजी पाकिटाला तिकीट लावलं. दोन वर्षांपूर्वी, चर्चची टेंपोतून गात जायची नाताळची फेरी संपून गेल्यावर ते पत्र आलं. अक्षर शाळेतलंच, उभं, दांडगं. 'कमळ्या,' असं त्यात लिहिलं होतं, 'तुमचा टेंपो परवा इथं आलता. मी गॅरेजच्या दारात उभा राहून सगळं आयकलं. तुझी गिटार उतरलेली हाय रं. पेटीच्या खाली चांगली अर्धा सूर. एकांद्या वेळी तार उतरते, ते मलापण कळतं. पण तू सगळी गाणी तशीच वाजवलीस आणि तुझ्या तोंडावर काय नव्हतं. कान दाखवून घे. तुमच्या चर्चात तुला कोणी सांगणार नाय, ती माणसं लई चांगली हायत. मला काय, मला आधीच काढलेला हाय.'

त्या शेवटच्या वाक्यामुळं बाकीचं सगळं पत्र कमळाकरला वाचता आलं नाही. म्हणजे त्यानं ते अनेकदा वाचलं, पण दर वेळी शेवटून सुरुवातीकडं, सूड शोधत. चंदर आणि तो कर्जतच्या शाळेत एका बाकावर होते. चंदरच्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा दोघं जाणती पोरं होती, आणि एकाच्या घरात नवी वंदना पाठ होत असताना दुसऱ्याच्या घरात जुनी गीतं चालू होती, एवढाच दोघांत फरक. चंदर ढोलकी वाजवायचा. बारशाला, लग्नाला, जयंतीला, जिथं कुणी बोलवेल तिथं. पुढं कमळाकर चर्चमध्ये गिटार वाजवायला लागला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की सूर आहेत पण पायाखाली जमीन नाही, म्हणून एका गुरुवारी सरावाला त्यानं चंदरला नेलं. चंदर आला तो राहिलाच. तो सात-आठ वर्षं तिथं होता. त्याला गीतांचा अर्थ विचारायचा नसे, फक्त चाल विचारायची असे. मंडळीतल्या म्हाताऱ्या त्याला आपला धरून चालल्या होत्या. मग पंचकमिटी बदलली आणि ठरलं की वेदीपाशी उभं राहून सेवा करायची ती बाप्तिस्मा झालेल्यांनीच. चंदर हसला होता. म्हणाला, मी पाण्यात उतरतो की, पण आमच्या बापाला तोंड कोण देणार, पाळकसाहेब देतील का? सभेत कमळाकरला विचारलं गेलं, बँड तुमचा आहे, तुमचं काय म्हणणं. कमळाकरनं चष्मा काढून पुसला, परत घातला आणि मंडळी ठरवेल ते, असं म्हणाला. तीन शब्द. चंदरनं ढोलकी काखेला मारली आणि दारातून बाहेर पडताना मागं वळून पाहिलं नाही. कमळाकरला मात्र त्यानं वळून पाहिल्यासारखं आठवायचं.

हे सगळं पुन्हा वर आलं ते एका साध्या गोष्टीनं. हंगामाच्या सणाच्या, म्हणजे नवं पीक देवाला वाहायच्या सणाच्या, आधीचा रविवार होता. उपासनेत दुसरं गीत चालू असताना वीज गेली. कर्जतमध्ये वीज जाणं याला कुणी घटना म्हणत नसे; फक्त ऐन गीतात ती बऱ्याच दिवसांत गेली नव्हती. कमळाकर नेहमीसारखा वेदीच्या डाव्या अंगाला उभा होता, गिटार छातीशी, डोळे मिटलेले. वाजवताना तो कधीच गायचा नाही, ओठ तेवढे हलवायचा. गीत सुरू करून देणं, कडव्याच्या शेवटी गिटारची मान उचलून मंडळीला थांबवणं, पुन्हा खाली आणून उचलून घेणं, असं तो गेली कितीतरी वर्षं त्या दगडी चर्चमधल्या साठ-सत्तर माणसांना गाण्यातून पार नेत आला होता. गालावरचा वारा थांबला म्हणून त्यानं डोळे उघडले. पंखा थांबत होता. पहिल्या बाकाशेजारी ठेवलेल्या ॲम्प्लिफायरवरचा लाल दिवा विझला होता. पुढं काय होतं ते त्याला माहीत होतं. वीज गेली की गिटारचा आवाज कापल्यासारखा जायचा, मंडळी एका श्वासापुरती अडखळायची, बायकांची बाजू मागं पडायची, मग जानकीबाई आपला जाडा आवाज लावून सगळ्यांना पुढं ओढून न्यायच्या आणि उपासना संपल्यावर वीजमंडळाच्या नावानं दोन विनोद व्हायचे. तो अडखळण्याची वाट बघत राहिला. कुणी अडखळलं नाही. एक मान वर झाली नाही. पाळकीणबाई पेटीचा भाता मारत होत्या आणि मंडळी भरल्या तोंडानं गात होती, अगदी मघासारखीच. वीज होती तेव्हा आणि वीज नव्हती तेव्हा, दोन्हींत काहीच फरक नव्हता. त्याचा उजवा हात आपोआप चालत होता. तो त्या हाताकडं बघत राहिला. कडवं संपलं, त्यानं गिटारची मान उचलली, मंडळी थांबली. म्हणजे बघत होते सगळे. बघत होते.

पाळकसाहेब वचनावर बोलायला उभे राहिले तेव्हा तो आपल्या स्टुलावर बसला आणि चपलेचा अंगठा नीट करायच्या निमित्तानं खाली वाकला. ॲम्प्लिफायरचं आवाजाचं बटण शेवटपर्यंत डावीकडं फिरवलेलं होतं. शून्यावर. त्यानं स्वतः बायकोच्या, जिजाच्या, नखांना लावायच्या रंगाचा एक लाल ठिपका त्या बटणाच्या कडेला देऊन ठेवला होता, चर्च भरलेलं असताना किती लागतो ते ठरवून. दर रविवारी मंडळी यायच्या आधी तो बटण ठिपक्यावर आणून ठेवायचा आणि मग पाळकसाहेबांबरोबर प्रार्थनेला आत जायचा. आजही आणलं होतं. उपासना संपल्यावर ॲम्प्लिफायर बंद करून त्यावर फडकं टाकायचं काम जानकीबाईंचं; त्यामुळं शेवटी बटण कुठं असतं हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. तो वाकलेलाच राहिला. वर पाळकसाहेब बोलत होते. त्यांचं बोलणं त्याला गेली दोन-तीन वर्षं लांबून आल्यासारखं वाटायचं, आणि त्याचा दोष त्यानं पाळकसाहेबांच्या नव्या कवळीला दिला होता.

सोमवारी एस.टी.त त्याच्या मांडीवर पुस्तक होतं आणि ते उघडायची त्याला भीती वाटत होती. पुस्तक उघडलं की जी शांतता यायची ती त्याला आयुष्यभर प्यारी होती. तिच्यासाठीच तो कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत कॉम्प्रेसरच्या खोलीमागच्या फळकुटावर एकटा जाऊन बसायचा. यंत्राच्या त्या घरघरीत दुसरं कुणी बसत नसे म्हणून ती जागा त्याला मिळाली होती. तिथं त्यानं वीस वर्षांत एक लहान ग्रंथालय वाचून काढलं असेल. आता त्याच्या लक्षात येत होतं की अलीकडं कॉम्प्रेसरचा त्रास होत नव्हता, आणि आपण त्याला एकाग्रता म्हणत होतो. बहिरेपण दरवाजा वाजवून आलं असतं तर कळलं असतं. ते आलं ते वाचणाऱ्या माणसाला हवी तशी शांतता हातात घेऊन, पाहुण्यासारखं अंगणात चपला काढून. कंडक्टर तिकिटासाठी खांद्याला हात लावायचा, त्याला वाटायचं माणूस उर्मट आहे. घरात जिजा हल्ली समोर येऊन बोलायची, आधी पदराला हात पुसून, तोंडाकडं बघून. त्याला वाटायचं वय झालं तसं तिचं प्रेम वाढलंय. इर्शाळगडाचं नेढं, ते कड्यातलं आरपार भोक, खिडकीतून दिसलं, म्हणजे चौक आलं. त्यानं मान खाली घातली. पत्रातलं वाक्य पहिल्यांदाच सरळ वाचल्यासारखं आठवलं. तुझ्या तोंडावर काय नव्हतं.

पण नक्की कसं सांगणार? कदाचित कुणा पोरानं खेळताना बटण फिरवलं असेल. कदाचित एकाच रविवारची गोष्ट असेल. शंका आणि आशा या दोन्हींना तो सारखाच कच्चा होता. बुधवारी अर्धी रजा काढून तो चर्चमध्ये गेला. दुपारचं रिकामं चर्च, दगडांचा गारवा, रॉकेलचा आणि जुन्या पुस्तकांचा वास. त्यानं गिटार जोडली, बटण ठिपक्यावर आणलं, पेटीचं झाकण काढून भाता मारत एक पट्टी वाजवली आणि तारा तिच्याशी लावून घेतल्या, रेल्वेतल्या एका अँग्लो-इंडियन ड्रायव्हरनं ऑस्ट्रेलियाला जायच्या आधी शिकवल्या होत्या तशा. त्याला वाटलं, लागल्या. त्यानं हात फिरवला. कानात एक गोड, जाडसर, लोकरीत गुंडाळल्यासारखा आवाज आला आणि छातीच्या फासळ्यांना लाकडाची थरथर कळली. मग त्याच्या मनात आलं की आपण एवढी वर्षं ऐकत होतो ते कानानं की फासळ्यांनी? त्यानं बटण शून्यावर नेलं आणि पुन्हा हात फिरवला. फासळ्यांना तेवढंच कळलं. कानांना जो फरक वाटला तो फरक होता की फरक असावा ही इच्छा होती, हे त्याला सांगता येईना. तो बटण पुढं-मागं फिरवत वाजवत राहिला, ठिपका, शून्य, ठिपका, आणि त्याच्या कपाळाला घाम आला.

जानकीबाई कधी आल्या ते त्याला कळलं नाही. रेल्वेतल्या फायरमनची ही विधवा चर्चची किल्ली बाळगायची, झाडलोट करायची. मूळची कडावची, आणि बोलण्यात कडाव तसंच राहिलेलं. ती केरसुणी धरून मधल्या वाटेत उभी होती. त्यानं एकदम विचारून टाकलं. असं कुणाला काही विचारणं हा त्याच्यासाठी पराक्रमच होता.

"जानकीबाई, सुरात आहे का हो?"

ती त्याच्याजवळ आली, अगदी समोर, आणि मोठ्यानं म्हणाली, "सुरात हाय की. चांगली वाजते. तुमी नका काळजी करू."

त्यानं तारांवर हात ठेवून त्या बंद केल्या. म्हातारीनं त्याच्या तोंडाकडं न बघता केर काढायला सुरुवात केली होती, आणि ती झाडत होती ती जागा स्वच्छ होती.

त्या रात्री त्याला गुड फ्रायडेची उपासना आठवली. अशा उपासनेत एक रीत होती. पाळकसाहेब प्रार्थनेला हात उचलायचे आणि कमळाकर त्यांच्या शब्दांखाली हळू हळू वाजवत राहायचा, गीत म्हणून नाही, नुसता एकेक तुकडा. कुठं थांबलं की माणसाचा गळा दाटतो, कोणता पडता सूर पुन्हा पुन्हा दिला की बायका डोळ्याला पदर लावतात, हे त्याला कळायचं आणि त्याची त्याला लाजही वाटायची. देव येतो की आपली तार येते, असा प्रश्न पडायचा. त्याबद्दल तो देवाची क्षमा मागायचा, आणि क्षमा मागतानाही आत कुठंतरी सुखावलेला असायचा. यंदा गुड फ्रायडेला माणसं नेहमीपेक्षा जास्त रडली होती. कडेच्या बाकावरचा एक तगडा मोटरमन दोन्ही हातांत तोंड घालून हुंदके देत होता. कमळाकर त्याला बघून वाजवत गेला होता, आणखी हळू, आणखी हळू, जणू त्या माणसाचं काळीज आपल्या बोटांत आहे. तेव्हाही बटण शून्यावरच असणार. तो मोटरमन रडला ते त्याच्या स्वतःच्या कशानंतरी रडला. कमळाकर भिंतीकडं तोंड करून पडला होता आणि त्याला आधी हसू आलं, मग तोंडात पांघरुणाचं टोक धरावं लागलं. जो आवाज तिसऱ्या बाकापर्यंत जात नव्हता तो वर पोचत होता असं समजायचं का? की वरही कुणीतरी असंच, प्रेमानं, बटण फिरवून ठेवलं होतं?

हंगामाच्या सणाला वेदीपाशी भाताच्या लोंब्या, भोपळे, काकड्या, नव्या तांदळाच्या टोपल्या आणि पाय बांधलेली दोन कोंबडी अशी रास पडली होती. उपासनेनंतर त्यांचा लिलाव व्हायचा, म्हणून माणसं खुशीत होती. कमळाकरनं बटण ठिपक्यावर आणलं. आत प्रार्थनेला गेला नाही. पोट बरं नाही असं सांगून तो कपाटाआड उभा राहिला, आपल्याच चर्चमध्ये चोरासारखा. पंचकमिटीतलं कोण येतं ते त्याला बघायचं होतं. मनात त्यानं एक-दोघांची नावंही धरून ठेवली होती आणि त्यांच्यावर काय रागवायचं तेही जुळवलं होतं. माणसं येऊन बसायला लागली. जिजा आली. हिरवं लुगडं, हातात काकड्यांची पाटी. तिनं पाटी राशीत ठेवली, पहिल्या बाकावर आपल्या जागी बसली, पर्स ॲम्प्लिफायरला टेकवून ठेवायला वाकली आणि वाकता वाकताच डाव्या हाताची दोन बोटं लावून बटण फिरवलं. भाकऱ्या झाल्यावर स्टोव्हची वात खाली करावी तसं. बघावंही लागलं नाही तिला. मग तिनं डोक्यावरून पदर घेतला आणि डोळे मिटले. तिचे ओठ हलत होते. ती प्रार्थना करत होती.

त्यानं त्या दिवशी सगळी गीतं वाजवली. डोळे उघडे ठेवून. एवढ्या वर्षांत त्यानं मंडळीला गाताना पाहिलंच नव्हतं. पुढच्या दोन बाकांवरची माणसं त्याच्याकडं बघत नव्हती. त्यांच्या नजरा पुस्तकात होत्या, पाठ असलेल्या गीतालाही. तिसऱ्या गीताच्या मध्येच त्यानं हात थांबवला. नुसता तारांवर ठेवून दिला. गाणं चाललं, भरून वाहत चाललं. फक्त पाळकीणबाईंनी पेटीवरून एकदा त्याच्याकडं पाहिलं आणि घाईनं नजर काढून घेतली, उघड्या दारातून कुणी न्हाताना दिसावं तशी. कडवं संपत आलं तेव्हा त्याला वाटलं मान उचलू नये, बघू या थांबतात का. तेवढं धैर्य त्याला झालं नाही. त्यानं मान उचलली. मंडळी थांबली. आमेन.

लिलावाला तो थांबला नाही. जिजाही त्याच्या मागून निघाली. रेल्वेच्या चाळींमागच्या वाटेनं दोघं घरी आली. ती त्याच्या डाव्या बाजूनं चालत होती, हल्ली नेहमीच चालायची तशी, आणि ती डावी बाजू का हेही त्याला आता कळलं; त्या कानात अजून थोडं येत होतं. घरात आल्यावर त्यानं गिटार कोपऱ्यात उभी केली आणि तिच्याकडं तोंड करून बसला. तिनं चहाला पाणी ठेवलं. मग स्टोव्ह बंद करून समोर येऊन बसली.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"मागच्या इस्टरच्या आधीपासून," ती म्हणाली. "पोरं हसायला लागली होती. तोंड दाबून. तुम्ही डोळे मिटलेले असायचे, मला सगळं दिसायचं. मग एकदा मोठी माणसंही हसली, आणि मला नाही बघवलं."

"मला सांगायचंस."

"सांगून काय झालं असतं? तुम्ही उभे राहायचे थांबला असता. आठवडाभर तुम्ही घरात दहा शब्द बोलत नाही. रविवारी तिथं उभे असता तेव्हा तुमच्या तोंडावर जे येतं, त्याच्यावर मी सात दिवस काढते. ते मी माझ्या हातानं बंद करू?"

त्यानं विचारलं, कमिटीला माहीत आहे का. ती म्हणाली, आहे. पाळकसाहेबांनाही. त्यांनीच सांगितलं होतं की देवाची सेवा कुणाकडून काढून घ्यायची नसते, चालू द्या जसं चाललंय तसं.

"चंदरची काढली होती," कमळाकर म्हणाला.

जिजा म्हणाली, "तो आपल्यातला नव्हता," आणि म्हणाल्याबरोबर तिलाच ते कसं लागतं ते ऐकू आल्यासारखं तिनं तोंड फिरवलं. त्यामुळं पुढं ती काही बोलली असेल तर ते त्याला कळलं नाही.

नंतरचे दिवस वाईट गेले. त्याला राग आला असता तर बरं झालं असतं. पण सत्तर माणसांनी मिळून एका माणसाला सांभाळून घेतलं, दर रविवारी हसू दाबलं, डोळे पुस्तकात घातले, पोरांना चिमटे काढले. यात रागवायचं कुणावर? या सगळ्यांची दया त्याच्या अंगावर ओल्या घोंगडीसारखी होती, काढून टाकावी तर थंडी आणि ठेवावी तर गुदमर. त्यानं गिटारला हात लावला नाही. लाजाळू माणसाला उभं राहायला आडोसा लागतो. ते लाकूड छातीशी धरलं की त्याला लोकांसमोर उभं राहता यायचं, देवासमोरही. ते गेलं तर तो कुठं उभा राहणार? कारखान्यात त्यानं दोन पावत्या चुकवल्या. एक दिवस उल्हास नदीच्या पुलावर तो बराच वेळ उभा राहिला आणि पाणी खडकावरून पांढरं होऊन पडत असलेलं बघत राहिला. पाणी पडतंय आणि आवाज नाही. त्याला वाटलं, हे असंच हळूहळू सगळ्यांचं होईल. जिजाचं होईल. ओठ हलतील आणि आपण अंदाजानं हसू, मान डोलवू, आणि लोक म्हणतील कमळाकर किती शांत माणूस. कठड्याचा दगड उन्हानं तापला होता. हात भाजेपर्यंत त्यानं तो धरून ठेवला. मग मागून येणारी बैलगाडी अगदी अंगाशी येऊन थांबली. गाडीवान ओरडत असावा, त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. कमळाकर बाजूला झाला आणि घरी आला.

चौकला उतरायचं त्यानं दोनदा ठरवलं. पहिल्या वेळी मान वर ठेवली, एवढंच जमलं. चंदर ट्रकखालून बाहेर येत होता. डोकं पार पांढरं झालेलं, हात कोपरापर्यंत काळे. दुसऱ्या वेळी तो जागेवरून उठून दारापर्यंत गेला, आणि मग रस्त्यावरचे ट्रक, धाबेवाल्याचा रेडिओ, ऐरणीवर पडणारा हातोडा हे सगळं त्याला दिसलं आणि कळलं की इथं उतरून आपण बोलू, पण चंदर काय म्हणतो ते आपल्याला ऐकू येणार नाही. आपण पुन्हा पुन्हा काय, काय, विचारू. चंदर कदाचित शिव्या देईल आणि आपण त्याही अंदाजानं घेऊ. कंडक्टरनं खांद्याला हात लावला. तो परत जाऊन बसला.

शनिवारी सुट्टी होती. पाळकसाहेब सकाळी घरी येऊन गेले. जिजानं बोलावलं असावं. ते समोर बसून एकेक शब्द सुटा करून बोलले. उद्या या, म्हणाले, नेहमीसारखं उभे राहा, तुम्हाला बघून मंडळीला आधार वाटतो. कमळाकरनं मान डोलवली, कारण मान डोलवायची त्याला सवय होती. ते गेल्यावर तो पोस्टात गेला. पाकीट मागायला म्हणून खिडकीशी उभा राहिला आणि पोस्टकार्ड मागितलं. कर्जतमध्ये पोस्टकार्डावर कुणी खाजगी काही लिहीत नसे, कारण टपालपेटी उघडणारा पोस्टमन पोशा प्रत्येक कार्ड वाचायचा. त्यात त्याला लपवण्यासारखं काही वाटत नसे. कुणाची म्हैस व्याली, कुणाचं लग्न मोडलं, हे तो वाटेनं सांगत जायचा, लोकही ऐकून घ्यायचे. पोशाची बायको चर्चच्या समोरच भाजी विकायची. म्हणजे दुपारपर्यंत तिला कळणार, संध्याकाळपर्यंत जानकीबाईंना, आणि उद्याच्या उपासनेआधी पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत. मग कुणाला हसू दाबावं लागणार नाही. मग त्याला उद्या तिथं उभं राहताही येणार नाही.

पोस्टातल्या दोरीला बांधलेल्या टाकानं, उभ्या उभ्या त्यानं लिहिलं. शाई फुटत होती म्हणून अक्षर मोठं काढावं लागलं.

'चंदर, तू लिहिलं होतंस ते खरं आहे. मला ऐकू येत नाही. गिटार उतरलेली असते. तुला काढलं त्या सभेत मी बोलायला हवं होतं. त्या वेळी माझे कान चांगले होते. पनवेलला कानाचा डॉक्टर आहे म्हणतात. मला दाखवायचं आहे. तू बरोबर येशील का? घरातल्या माणसांना नेत नाही, ती मला वाईट काही सांगणार नाहीत. डॉक्टर काय म्हणतो ते मला खरं सांगणारं कोणीतरी हवं आहे. आलास तर तोंडाकडं बघून बोल. कमळ्या.'

चार-पाच वर्षांत, ते पत्र सोडलं तर, त्याला कमळ्या म्हणणारं कुणी राहिलं नव्हतं. ते नाव स्वतःच्या हातानं लिहिताना त्याला संकोच वाटला आणि त्यानं ते खोडलं नाही. कार्ड हातात घेऊन तो बाहेर आला. पेटीपाशी पोशा उभा होता, किल्ल्यांचा जुडगा हातात, अजून उघडायची होती. सलाम साहेब, असं काहीतरी तो म्हणाला असावा. कमळाकरनं कार्ड लिहिलेली बाजू वर करून पेटीच्या तोंडात धरलं. पोशाची नजर त्याच्यावर गेली. ती पहिल्या ओळीवरून दुसऱ्या ओळीवर उतरताना कमळाकरनं पाहिलं. पोशानं झटकन वर त्याच्या तोंडाकडं बघितलं. कमळाकरनं बोटं सोडली. कार्ड आत पडलं असणार.